पावणा खांब

मार्च निम्मा सरला की कळंब्याला आमच्या घराजवळच्या वळणावर आजऱ्याकडच्या दोन बायका ओले काजूगर घेऊन बसू लागतात. पळसाच्या पानांवर मांडलेले पांढरे वाटे आणि चिकानं काळी पडलेली त्यांची बोटं. मी दर वर्षी एक वाटा घेतो. घरी त्याची उसळ होते आणि ती मला फारशी आवडत नाही. "मग आणता कशाला?" असं बायको दर वर्षी विचारते आणि मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेतो. खरं कारण सांगायचं तर, त्या काजूगरांचा वास नाकात गेला की मला एक लाकडी मांडव आठवतो, तिथं झालेली माझी फजिती आठवते, आणि पुढचे दोन-तीन दिवस माझं दुसऱ्या कशातच चित्त लागत नाही.

यंदा त्यात आणखी एक भर पडली. मलकापूरच्या पुढं एका गृहस्थांना पर्यटकांसाठी मुक्कामाची जागा बांधायची आहे. मी इमारतींचे आराखडे करतो म्हणून ते माझ्याकडं आले. सगळं लाकडात हवं, म्हणाले. नुसतं लाकूडही नको, त्यात आपल्या मातीतली लोककथा हवी, आजूबाजूचा निसर्ग हवा. "प्रत्येक खांबाला एक स्टोरी द्या, साहेब. आणि एक खांब असा करा की लोक त्याच्यापाशी फोटो काढतील." मी मान डोलावली. पोटासाठी ती डोलवावी लागते. त्यांना हवा तसा एक खांब मला माहीत होता. तरी त्याच्याबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. का बोललो नाही, ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. इथं सांगून बघतो.

तेव्हा मी नुकतीच तिशी ओलांडली होती. आजरा तालुक्यातल्या एका गावानं मला बोलावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, फोटोवाले पोचतील. ग्रामदेवीच्या देवळापुढं एक जुना लाकडी मांडव होता. तो बघायचा आणि धोक्याचा आहे की नाही ते कागदावर लिहून द्यायचं, एवढंच काम. धोक्याचा म्हटलं की मांडव उतरवायचा आणि तिथं स्लॅब टाकायचा, असं देवस्थान समितीत ठरलं होतं. धोक्याचा नाही म्हटलं तर कौलं शाकारून तो आहे तसा ठेवायचा. म्हणजे सगळा मांडव माझ्या एका सहीवर येऊन थांबला होता, आणि मी तो अजून डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

काजूचा हंगाम ऐन भरात होता. माळावर लाल-पिवळे बोंडू गळून पडले होते आणि त्यांचा आंबूस गोड वास मोटारसायकलवरसुद्धा पाठ सोडत नव्हता. गावात शिरताना काजू भाजण्याचा तिखट धूर डोळ्यांत गेला. देवळापाशी पोचलो तर कोणीच नाही. मांडवाच्या कट्ट्यावर बसून मी टेप काढतोय, तोवर मागून एका बाईचा आवाज आला. "आले की ओ, पावण्याच्या पायावर पाणी घालून येते!" मी चमकून पाहिलं. पन्नाशीची, कपाळभर कुंकू लावलेली एक बाई भरला तांब्या घेऊन माझ्याच रोखानं येत होती.

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, पानवाला म्हणतो. पण आल्या आल्या पाय धुवायला पाणी घेऊन येणारं गाव मी पहिल्यांदाच बघत होतो. मला अगदी भरून आलं. मी घाईघाईनं बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि कट्ट्याच्या कडेला एक पाय पुढं करून उभा राहिलो. बाईंनी माझ्या पायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मला वळसा घालून त्या कोपऱ्यातल्या एका खांबापाशी गेल्या. त्याच्या बुडाशी पाणी ओतलं, हळदकुंकू लावलं, नमस्कार केला. परत येताना तांब्यात उरलेलं पाणी हलवत म्हणाल्या, "तुमास्नी बी पायजे व्हय?"

त्या शेवंताक्का. गुरवाच्या घरच्या, मांडवाची झाडलोट त्यांच्याकडं. पुढच्या तासाभरात माझ्या अनवाणी पायांची कीर्ती गावभर झाली आणि मला भेटणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या बुटांकडं बघून हसू लागला. त्या फजितीचा एक फायदा झाला. लोक माझ्याशी मोकळं बोलू लागले.

तर पावणा म्हणजे तो खांब. मांडवाला आठ खांब होते, चार-चारच्या दोन ओळींत. हा नववा, एका खांबाच्या शेजारी हातभर अंतरावर, कुणी गप्पा मारायला येऊन उभं राहावं तसा उभा. तुळईखाली असूनही तिला न टेकलेला. मी स्टुलावर चढून पाहिलं. त्याचा माथा आणि तुळई यांच्यात बोटभर फट होती, आणि त्या फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. इतका सरळ, इतका जाड खांब, आणि डोक्यावर एका वाशाचंही वजन नाही. मी वहीत लिहिलं, 'एक खांब निकामी.'

"निकामी न्हवं ओ, पावणा हाय त्यो." हे बोलणारा दत्तूआबा सुतार. सत्तरी कधीच पार केलेला, कानावर पेन्सिल, टोपीवर भुसा. मांडव त्याच्या पणजानं आणि आज्जानं उभा केलेला, त्यामुळं खालून माझ्या वहीवर त्याची नजर होतीच. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी. एका साली हिरण्यकेशीला मोठा पूर आला आणि त्यात हे झाड वाहत येऊन देवळाखालच्या दगडांना लागलं. बाकीची आठ झाडं गावच्या रानातली, घरची. हे कुठलं, कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. देवी पणजाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, माझ्या दारात आलाय तो, त्याला उभा करा, पण त्याच्या डोक्यावर ओझं देऊ नका. "पावण्याला कामाला लावत्यात व्हय?" आबानं मला विचारलं. मग खांबाकडं वळून, एखाद्या व्याह्याशी बोलावं अशा अदबीनं म्हणाला, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" जाता-येता तो खांबाशी असंच बोलायचा, नेहमी अहोजाहो करून.

मी विचारलं, "लाकूड कसलं आहे हे?"

"पावण्याला जात इचारायची न्हाय."

हे ऐकून मला हसू आलं. कारण त्याच गावानं पहिल्या अर्ध्या तासात माझं आडनाव, माझं मूळ गाव, माझ्या आईचं माहेर आणि माझी सासुरवाडी एवढं सगळं काढून घेतलं होतं. माणसाला न मिळणारी सूट लाकडाला मिळाली होती. पण मला ती पाळता येईना. मी त्या खांबाला हुंगलं, बोटानं वाजवलं, कुणी बघत नाही असं पाहून नखानं खरवडलं. जांभूळ म्हणावं तर रेषा जुळत नव्हत्या, किंजळ म्हणावं तर रंग वेगळा. सगळ्यात नवल वाटलं ते बुडाचं. पिढ्यानपिढ्या रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी पडत होतं. कुठलंही लाकूड एव्हाना कुजून गेलं असतं. हे मात्र दगडासारखं टणक. पाण्यातून आलेलं लाकूड पाण्याला घाबरत नव्हतं.

मग माझ्या डोक्यात एक वाईट शंका आली. समजा, गोष्ट वगैरे काही नसेल तर? समजा, कापताना खांब बोटभर आखूड झाला असेल, आणि गावासमोर शोभा नको म्हणून कुणा सुतारानं देवीला स्वप्नात बोलावून घेतलं असेल तर? मी ती शंका आबाला बोलून दाखवली. तो मारणारच असं वाटलं. बराच वेळ त्यानं बिडीचा धूर सोडला. मग म्हणाला, "आज्जा माझा माप चुकणारा न्हवता." आणखी थोड्या वेळानं म्हणाला, "खरं, पणजाचं काय सांगता येत न्हाय." कोल्हापुरात 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात. त्यामुळं आमच्याकडं माणूस शंका घेतानासुद्धा खरं बोलतोय असं वाटतं.

त्या चार-पाच दिवसांत माझं काम मापं घेण्याचं होतं आणि मी बहुतेक वेळ नुसता बघत बसलो. आठ खांबांच्या माथ्यांवर कोरीव काम होतं, आणि ते देवळात असतं तसं नव्हतं. एकावर भाताच्या लोंब्या, एकावर गव्याचं डोकं, एकावर फणस, एकावर मासे. दोन दिवस मी त्यांचा अर्थ लावत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हानं दमून गव्याच्या खांबाला पाठ टेकून बसलो आणि समोर पाहिलं तर देवराई. उठलो, लोंब्यांच्या खांबाला टेकलो, तर समोर भाताची खाचरं. ज्या खांबाला टेकलं की जे दिसतं, ते त्या खांबाच्या माथ्यावर कोरलं होतं. मासे नदीच्या अंगाला होते. फणसाच्या खांबासमोर मात्र फणस नव्हता, एका घराची मागची भिंत होती. आबाला विचारलं तर म्हणाला, "हुता की. मी त्येच्यावर चढलोय." माझ्या शिक्षणात आसपासच्या निसर्गाशी इमारतीचं नातं असावं असं पुष्कळ शिकवलं होतं. ते इतक्या साध्या रीतीनं जोडता येतं हे तिथं उन्हात बसून कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या पणजाचा हेवा वाटला. पावण्याचा माथा तेवढा कोरा होता. पावण्याच्या अंगावर हत्यार कसं चालवायचं, असा आबाचा प्रश्न होता.

मलकापूरच्या त्या गृहस्थांना मी असा खांब सहज करून देऊ शकेन. बोटभर फट ठेवली की झालं, एका दिवसाचं काम. पण त्याच्या पायावर रोज सकाळी पाणी कोण घालणार, हे मला आराखड्यात दाखवता येत नाही.

तोवर मला कुठं धोका दिसला नव्हता, म्हणून पाचव्या दिवशी शाकारणीसाठी कौलं उतरवायला सुरुवात झाली आणि मी शेवटचं म्हणून एकेक खांब वाजवत निघालो. मासेवाल्या खांबावर, म्हणजे पावण्याच्या शेजाऱ्यावर, बोट आपटलं आणि आवाज पोकळ आला. पुन्हा आपटलं. आबानं माझा हात बाजूला सारून स्वतः वाजवलं. मग पटाशी लावली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेरून मासे जसेच्या तसे होते आणि आतलं सगळं वाळवीनं खाल्लं होतं. आबा पटाशी तशीच आत ठेवून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवातच बैठक झाली. समितीचे प्रमुख गावातल्या दूधसंस्थेचे चेअरमन होते आणि सगळे त्यांना चेअरमनच म्हणायचे. मोठ्या आवाजाचा, सरळ बोलणारा माणूस. "शेजारच्या गावात बगा, स्लॅब हाय, खाली फरशी हाय. आमी काय वाळवी पाळत बसायचं? उद्या यात्रंला माणसं बसली आनि वरनं आलं अंगावर, तर तुमी येणार व्हय कोल्हापुरातनं?" बोलणं आडदांड होतं, पण चुकीचं नव्हतं. त्यांची नातवंडंही याच मांडवात बसायची.

मी मोठ्या हुशारीनं तोडगा सांगितला. त्याच तुळईखाली हातभर अंतरावर दुसरा खांब उभाच आहे, या सगळ्यांत टणक. वरच्या फटीत पाचर मारली की तुळईचा भार त्याच्यावर येईल, आणि खाल्लेला खांब काढून टाकता येईल. अर्ध्या दिवसाचं काम. आबा उठून उभा राहिला. "तसलं काय हुनार न्हाय. नवा खांब मी करतो." चेअरमननी माझ्याकडं बोट दाखवलं. "वळवाच्या आत करा. न्हाईतर ह्येनी कागद लिवून द्यायचा आनि आमी मांडव उतरवायचा." सगळं ठरल्यासारखं लोक उठून गेले. वळवाचे ढग त्याच दुपारी घाटाकडं दिसू लागले होते.

संध्याकाळी मी आबाच्या घरी गेलो. अंगणात फणसाचा एक ओंडका पडला होता आणि तो हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन त्याच्यासमोर उभा होता. मला पाहून त्यानं दोन घाव घातले. दोन्ही आखलेल्या रेघेच्या बाहेर पडले. तिसऱ्याला वाकस नुसताच सालीवर घसरला. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या हातांकडं नीट पाहिलं. ते थरथरत होते, आणि ते आज-कालचं नव्हतं. इतके दिवस तो माझ्यासमोर एक हात नेहमी खिशात आणि दुसऱ्यात बिडी धरून का वावरत होता, ते मला तेव्हा उमगलं. दोन्ही मुलगे कोल्हापूरला कारखान्यात. गावात दुसरा कुणी वाकस धरणारा उरला नव्हता.

"पाचर मारू या, आबा," मी म्हणालो. "मांडव वाचतोय."

"कुठल्या तोंडानं सांगू त्येला?" तो ओरडलाच. "घरातलं उभं ऱ्हायाला कोण उरलं न्हाय, आता तुमी बगा, असं? पणजानं शबुद दिलाय देवीला. माझ्या हातानं त्यो मोडायचा?"

माझ्या पिशवीत कागद तयार होता, 'मांडव वापरण्यास धोकादायक आहे' असं लिहिलेला, फक्त सही राहिलेला. मला त्या कागदाची लाज वाटत होती आणि तरी तो खोटा नव्हता.

शेवंताक्कांचं घर शेजारीच. त्या ओसरीवर बसून, बोटांना तेल लावून ओले काजू सोलत होत्या. आमचं सगळं त्यांना ऐकू जात होतं, आणि ऐकू जात नाही असं दाखवायची पद्धत त्या गावात नव्हती. हातातलं काम न थांबवता त्या बोलल्या.

"आबा, मी लगीन होऊन आले तवा आठ दिस मला कोन काय काम सांगंना. बसा म्हनायची, खावा म्हनायची. लई गोड बोलायची. मी रोज रातच्याला रडायची. वाटायचं, ही काय मला घरात घेत न्हाईत. नवव्या दिशी सासूनं डोसक्यावर घागर दिली आनि म्हनली, जा गं, पानी आन. तवा कुटं जीव थाऱ्यावर आला माझा." त्यांनी एक गर पाण्यात टाकला. "त्यो बी किती वरसं उभा हाय, नुसतं पाय धुवून घेत. त्येला इचारलंय कवा कुनी, कसं वाटतंय म्हनून?"

आबा वळला. वाकस भिंतीला टेकवून ठेवला आणि आत गेला. मी त्या रस्त्यानं परत येताना पहिल्यांदाच त्या खांबाचा विचार त्याच्या बाजूनं केला. गोष्ट ऐकताना मला गावाचा मोठेपणा दिसला होता. तो खांब इतकी वर्षं मान मिळालेला आणि इतकी वर्षं बाहेरचा राहिलेला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजही कुणाच्या घरी मला फार आग्रहानं बसवून ठेवलं की मी उठून ताटं घ्यायला लागतो. बायकोला तो आगाऊपणा वाटतो.

सकाळी मांडवात गेलो तेव्हा आबा आधीच आला होता. त्याच्या हातात शिसवीची पाचर होती. ती त्यानं कशी केली आणि किती वेळ केली, देव जाणे. कडा वेड्यावाकड्या होत्या, पण माप नेमकं होतं. आम्ही ट्रॅक्टरचा जॅक लावून तुळई केसभर उचलली. गाव गोळा झालं. चेअरमन हाताची घडी घालून उभे राहिले. आबाला मी म्हणालो की हातोडी माझ्याकडं द्या. त्यानं दिली नाही. स्टुलावर चढला, पाचर फटीत धरली, आणि मग कितीतरी वेळ तसाच थांबला. त्यानं टोपी काढून माझ्या हातात दिली. एक हात खांबावर ठेवला, माणसाची पाठ जिथं असेल तिथं.

आम्हाला वाटलं आता तो माफी मागेल, निदान 'पावणं' म्हणून हाक मारेल. तो खांबाच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाला, "घे रं लेकरा. धर."

पहिला घाव चुकला. दुसरा बसला, तिसरा बसला. मग तो खाली उतरला आणि मी जॅक सैल करत गेलो. तुळई कुरकुरली. फटीतली जुनी धूळ खाली आली, आबाच्या उघड्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडली. खांबातून एक खोल आवाज आला, छाती भरून श्वास घेतल्यासारखा, आणि तुळई टेकली. आबा वर बघायला तयार नव्हता. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि ते दोन्ही थरथरते हात सगळ्यांच्या देखत उघडे पडले होते.

चेअरमन पुढं झाले. त्यांनी खांबाला खांदा लावून जोरात रेटून पाहिलं, पुन्हा एकदा रेटून पाहिलं, आणि एरवी पाच घरं ऐकू जाणारा तो माणूस जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "डोळं उघडा की, आबा. धरलंय त्येनं."